रोजचा मंगळवार

"त्याला काय विचारता, त्याचा रोजच मंगळवार!"

आंटी मान्सा हे केंकेची, म्हणजे आंबवून उकडलेल्या मक्याच्या उंड्यांची, पानं सोलता सोलता म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. तिच्या पातेल्याभोवती उभे असलेले कोळी खदाखदा हसले. त्यांच्यातल्याच एकानं मला विचारलं होतं, "आज मंगळवार म्हणून आम्ही निवांत. तू कसा रे एवढा निवांत, कोबिना?" मी काही बोलायच्या आत मान्सानं माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकलं. मीही हसलो. न हसून करतो काय? छातीवर पिशवीत अडकवलेली दीड वर्षाची मुलगी, पायात बायकोच्या, एकुआच्या, रबरी चपला, दाढी वाढलेली. मंगळवारी आमच्या किनाऱ्यावरची एकही होडी पाण्यात जात नाही. तो समुद्राचा वार. त्या दिवशी समुद्राला एकटं सोडायचं, असं आजा-पणजापासून चालत आलंय. मग होड्या वाळूवर आडव्या आणि पुरुष रस्त्यावर उभे. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, मान्साच्या केंकेजवळ जिकडे तिकडे रिकामे हात. बायका म्हणतात, मंगळवारचा नवरा म्हणजे उन्हात ठेवलेली मासळी, हलवायचीही नाही आणि विसरायचीही नाही. बुधवारी पहाटे सगळे पुन्हा पाण्यात. मी मात्र बुधवारीही इथंच असतो, गुरुवारीही. मान्सानं जादाचा एक तळलेला मासा माझ्या पुडीत टाकला आणि मुलीकडे बघून मान लववली. "तो तुमच्यासाठी हं, एना. ह्याला देऊ नका."

घरी येईपर्यंत ते रोजच्या मंगळवारचं वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. त्यात नवीन काहीच नव्हतं आणि मान्साच्या मनात काही वाकडंही नव्हतं. ती मला मी नागडा फिरत होतो तेव्हापासून ओळखते. पण बोलणाऱ्याचं बोलणं होतं आणि ज्याला लागायचं त्याला लागतं. आठ महिन्यांपूर्वी मी ताकोराडी बंदराचा पायलट होतो. परक्या समुद्रातून आलेलं जहाज बाहेर थांबतं, आमची छोटी बोट त्याच्या कुशीला लागते, वरून दोरीची शिडी सुटते. लाटेबरोबर बोट वर आली की नेमक्या त्या क्षणी शिडीला हात घालायचा आणि चढायचं. खाली बघायचं नाही. वर पोचलं की कप्तान हात मिळवतो, कॉफी पुढे करतो आणि बाजूला होतो. तो ग्रीक असो नाहीतर चिनी, बंदरात शिरेपर्यंत त्याचं जहाज माझं. मी हळू आवाजात सांगायचो, "दहा डावीकडे," आणि बॉक्साइट भरायला आलेलं एवढं थोरलं धूड दहा डावीकडे वळायचं. मला आवाज चढवावा लागला नाही कधी. आता मी म्हणतो, "एना, आ कर," आणि एना तोंड मिटून घेते. मी म्हणतो, "एना, चपला खायच्या नसतात," आणि ती दुसरी चप्पल उचलते. सगळ्यात वाईट म्हणजे मला तिच्यावर ओरडताही येत नाही. तिचं नाव एजिर्बा. माझ्या आईचं नाव. आमच्यात ज्याचं नाव ठेवलं त्याचा मान मुलाला मिळतो. म्हणून सगळी वस्ती तिला एना म्हणते, एना म्हणजे आई. माझी थोरली बहीण गावाहून आली की आधी हिच्यापुढे गुडघे टेकते आणि विचारते, "एना, प्रवास केला, आता जरा आडवी होऊ का?" पोरगी परवानगी देते, नाहीतर तिच्या डोक्याला बांधलेलं फडकं ओढते. एकदा तिनं मला लाकडी पळी फेकून मारली. कपाळावर टेंगूळ आलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आईनं मारलं तर कुठं लागतं का, कोबिना? आशीर्वाद समज." आता अशा माणसावर कोण ओरडणार?

नोकरी सोडली ती एका तापामुळे. एकुआ समुद्रात नांगरलेल्या तेलाच्या जहाजावर केमिस्ट आहे. हेलिकॉप्टरनं जाते, काही दिवस तिथं, काही दिवस घरी. आमच्या कोळीवाड्यात पुरुष समुद्रावर जातात आणि बायका किनाऱ्यावर उभ्या राहतात. माझ्या घरात उलट झालं, त्यावरही विनोद होऊन जुने झाले. तर त्या दिवशी एकुआ तिच्या जहाजावर होती, मी शिडीवर होतो आणि सांभाळणाऱ्या मुलीचा फोन येत होता. फोन बंदरावरच्या माझ्या कपाटात वाजत होता. मी मँगनीजचं जहाज धक्क्याला लावून, सही करून, कॉफी पिऊन सावकाश परत आलो तेव्हा एना दवाखान्यात होती. ताप डोक्यात चढून झटका येऊन गेला होता. ती बरी झाली, दुसऱ्या दिवशी आंब्याला हात घालत होती. पण मी त्या खाटेशी बसलो आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली, की लेकरू जमिनीवर आणि आईबाप दोघंही पाण्यावर. एकुआ परत आली, तेव्हा तिच्या हातातली बॅग खाली ठेवायच्या आत मी म्हणालो, "दोघांपैकी एकानं जमिनीवर राहायला हवं. मी राहतो." तिनं विचारलं, "विचार करून बोलतोयस का घाबरून?" मी म्हणालो, विचार करून. खरं सांगायचं तर घाबरून. आणि थोडंसं मोठेपणानंही. बघा कसा नवरा आहे, असं लोक म्हणतील, हे मनात नव्हतं असं नाही. लोक तसं म्हणाले नाहीत. लोक म्हणाले, बायकोचा पगार बरा दिसतोय.

केंके कुस्करून मी एनाला भरवत होतो, निम्मं तिच्या पोटात आणि निम्मं माझ्या गुडघ्यावर, तेव्हा फोन वाजला. बंदरावरचे मुख्य पायलट क्वान्साह. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"काय करतोयस?" ते म्हणाले.

"जेवण चाललंय."

"तुझं की तिचं?"

"अजून ठरलेलं नाही, साहेब."

ते हसले नाहीत. "ऐक. एक जागा रिकामी झालीय. उद्या सकाळी लांबलचक एक जहाज येतंय, बॉक्साइटचं. त्याच्यावर तू चढ. उद्यापासून पहिल्यासारखा पाळीवर ये. तुझ्या परवान्याची मुदत ह्या महिन्यात संपतेय, माहीत आहे ना? उद्या आलास तर तो आपोआप पुढे जाईल. नाही आलास तर जागा सध्या हंगामी म्हणून चढणाऱ्या तरुण पोराला जाईल आणि तुला पुन्हा शिकाऊ म्हणून खालून सुरुवात करावी लागेल. ह्या वयात ते कोणी करत नाही."

"महिन्यातून एखादं जहाज आणून परवाना ठेवता येईल का, साहेब?"

"परवाना म्हणजे सुकी मासळी आहे का, दोरीला टांगून ठेवायला? येणार तर ये, नाहीतर नाही म्हण. आज संध्याकाळच्या आत सांग. कोबिना, तुझ्यासारखा हात नाही रे बंदरात."

त्या शेवटच्या वाक्यानं माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःची लाज वाटली. एवढीच का किंमत आपली, की कोणीतरी हात चांगला म्हटलं की पाणी? पण होतीच तेवढी. आठ महिन्यांत मला कोणी चांगला म्हटलं नव्हतं. दूध उतू न जाऊ देणाऱ्याला कोण चांगला म्हणतं? जहाज धक्क्याला लागतं, दोर पडतात, काम संपतं, दिसतं. इथं काहीच धक्क्याला लागत नाही. भांडं घासलं की दुसरं भांडं, लंगोट बदलला की दुसरा लंगोट, आणि झोपवलेलं मूल पुन्हा उठायलाच झोपलेलं असतं. मी एकुआला निरोप पाठवला. तिच्या जहाजावरून दुपारी तिचा फोन आला, मागे यंत्रांची घरघर.

"तू ठरव," ती म्हणाली.

"हे काय उत्तर झालं?"

"मी जा म्हटलं तर म्हणशील मी हाकललं. नको म्हटलं तर म्हणशील मी डांबलं. मला दोन्हीकडून बोल लागणार. तू जायचं ठरवलंस तर आपण बाई शोधू, चांगली, मोठ्या वयाची. जमेल. लोकांचं जमतंच की." मग म्हणाली, "एना काय करतेय?"

"माझ्या बुटात केंके भरतेय. कामाच्या बुटात."

एकुआ इतकी हसली की तिच्या मागे कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मला ती तेव्हा फार आवडली. आणि फार लांबही वाटली.

दुपारी एना किरकिर करायला लागली. दात येत होते. मी तिला पिशवीत घातलं आणि बाहेर पडलो, किनाऱ्यावर वारा असतो. ती पिशवी एकुआनं परदेशातून मागवलेली, छातीवर अडकवायची, मुलाचं तोंड पुढं. तिच्यात एना टेहळणी करणाऱ्या खलाशासारखी दिसते, सगळ्यांना हात करते. मान्साच्या चुलीपर्यंत पोचतो न पोचतो तोच पट्ट्याची कडी फाटकन तुटली. मी एनाला हवेतच धरलं. एनाला मजा वाटली.

"ती परदेशी झोळी टाक समुद्रात!" मान्सा ओरडली. मग आठवून म्हणाली, "आज नको, आज मंगळवार. उद्या टाक." तिनं हात पुसले, कमरेला गुंडाळलेलं जादाचं कापड सोडलं आणि हुकूम केला, "वाक."

"आंटी, मी पुरुष आहे."

"ते तुझ्या आईला विचार, ती तुझ्या हातात आहे. वाक म्हणते ना."

मी वाकलो. रस्त्यात. पाठ आडवी करून, गुडघ्यांवर हात टेकून. मान्सानं एनाला माझ्या पाठीवर पालथं टाकलं आणि एनाचे पाय माझ्या कमरेला दोन्हीकडून बसले, जणू त्यांना ही जागा आधीच ठाऊक होती. कापड आलं, तिच्या कुल्ल्यांखालून ताणलं गेलं, माझ्या काखेखालून पुढे आलं. तिथं मान्सा अडली. बायका कापडाचं टोक छातीवर खोचतात. "इथं तर सगळं सपाट मैदान," ती म्हणाली, "खोचू कशात?" आसपासच्या कोळ्यांना हसू आवरेना. एक जण वाळूत बसलाच. शेवटी तिनं माझ्या बरगड्या दुखतील अशी गच्च गाठ मारली आणि पाठीवरच्या गाठोड्याला थोपटलं. "एना, तुमच्या लेकाला सांभाळा. जरा हळवा आहे तो."

मी सरळ उभा राहिलो. सगळ्यात आधी हात जाणवले. दोन्ही हात रिकामे होते. शिडीवर चढताना असंच लागतं, हातात काही नको, नाहीतर जीव जातो. मग तिचं वजन जाणवलं, ते पिशवीतल्या वजनासारखं पुढे ओढत नव्हतं, ते माझंच होतं. तिनं गाल माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध टेकवला. शर्ट तिथं ओला व्हायला लागला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा दिसत नव्हता. मी चाललो आणि चालता चालता मला माझी एना आठवली, खरी एना, आई. तिचा चेहरा मला फोटोंमुळे आठवतो, तो माझ्या आठवणीतला आहे की फोटोतला ते सांगता येत नाही. पण पाठ माझी स्वतःची आहे. मासळीच्या धुराचा वास, घामानं गार पडलेलं कापड, आणि ती कोणाशी भांडायला लागली की पाठीतून माझ्या कानात घुमणारा आवाज. शब्द नाहीत, नुसती घरघर. जगात काय चाललंय ते मला तिच्या पाठीतून कळायचं. तिनं मला पाठीवर घेऊन धुराच्या भट्ट्या सांभाळल्या, बाजार केला, भांडणं केली. तिला कोणी सांगितलं असेल का, तुझा हात चांगला आहे? मला आठवत नाही मी सांगितल्याचं.

किनाऱ्यावर होड्या ओळीनं वाळूत टेकल्या होत्या. त्यांच्या सावलीत जाळी पसरलेली, आणि जाळ्यांभोवती पुरुष पाय पसरून बसलेले. फाटकं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचं आणि सुईनं भरायचं, मंगळवारचं काम ते. कोणाचा तरी रेडिओ चालू होता. मला बघून एकानं शिट्टी मारली, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मी एका होडीच्या सावलीत उभा राहिलो, बसता येईना, पाठीवर ती झोपली होती. आणि समोर तो अंगठा दिसला. कोणाचा तरी, काळा, भेगाळलेला, जाळ्याचा फास अडकवून वर केलेला अंगठा.

माझ्या वडिलांचा अंगठा. मी किती वर्षांत त्यांची आठवण अशी काढली नव्हती. आम्ही त्यांना एग्या म्हणायचो. एग्या अंधारात जायचे, ऊन चढल्यावर यायचे, मासे उतरवायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्या वेळी घरात बोललं की एना डोळे वटारायची. झोपलेला बाप म्हणजे एक मोठी गप्प वस्तू, तिला ओलांडून जायचं नाही. आणि मंगळवारी तेच एग्या वाळूत बसलेले असायचे, अंगठ्याला जाळं लावून, आणि आम्ही पोरं त्या जाळ्यात लोळायचो. ते म्हणायचे, "अरे, मासे फार झाले आज, वजन पेलत नाही," आणि जाळं ओढायचे आणि आम्ही किंचाळायचो. त्यांनी मला गाठ शिकवली ती मंगळवारी. भरतीचं पाणी कसं फिरतं ते ओल्या वाळूत बोटानं काढून दाखवलं ती रेघ मंगळवारची. त्यावरून पुढं मी पायलट झालो, पुस्तकं नंतर आली. माझा पहिला पडलेला दात त्यांनी होडीवर फेकला तो मंगळवारी. एनाशी भांडण व्हायचं तेही मंगळवारीच, कारण ते दिवसभर तिच्या पायात पायात यायचे, पातेल्यांची झाकणं उघडून बघायचे आणि ती म्हणायची, "देवा, हा वार लवकर संपव!" मी आतून म्हणायचो, नको. आठवडाभर मी वाट बघायचो. मी मंगळवारी जन्मलो म्हणून माझं नाव कोबिना. लहानपणी मला वाटायचं, तो वार माझ्यासाठीच ठेवलाय.

मी उभ्या उभ्या मनात शोधू लागलो. एग्यांची एक तरी आठवण दुसऱ्या वाराची. एखादा गुरुवार. एखादा शनिवार. ते हसतायत, बोलतायत, माझ्याकडे बघतायत असा. नव्हती. माझ्याकडे असलेला सगळा बाप मंगळवारचा होता. माणूस साठी ओलांडून गेला आणि माझ्या वाट्याला आला तो आठवड्यातून एकदा, तोही समुद्रानं नको म्हटलं म्हणून. तरी केवढा मोठा वाटतो.

बंदराच्या भिंतीपलीकडे भोंगा झाला. दोन लहान, म्हणजे जहाज डावीकडे वळतंय. बंदर मंगळवार पाळत नाही. भिंतीच्या टोकाशी एक पांढरं जहाज दिसलं, वळण जरा लांबून घेत होतं. तो तरुण पोरगाच असणार वर. मी असतो तर आधी वेग उतरवला असता. माझ्या जिभेवर आलंसुद्धा, दहा डावीकडे. जहाजानं ऐकलं नाही. ते लांबचंच वळण घेत घेत बरोबर आत गेलं आणि भिंतीआड दिसेनासं झालं. मला वाईट वाटलं. वाटायचंच. ती शिडी, ती कॉफी, माझ्या हळू आवाजावर वळणारं ते धूड, ते सगळं मला फार प्रिय होतं आणि अजूनही आहे. हे उद्या संपलं तर ते संपलं, पुन्हा मिळणार नाही, हेही मला त्या क्षणी लख्ख कळत होतं.

मी एका हातानं फोन काढला. क्वान्साहांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बोल. उद्या बोट कितीला पाठवू?"

"उद्या जमणार नाही, साहेब. उद्या मंगळवार आहे."

"डोकं फिरलं का तुझं? मंगळवार आज आहे."

"हो. आणि उद्याही आहे."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. क्वान्साह शामा गावचे. त्यांच्या घरात होडी होती, हे बंदरात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते कधी त्याविषयी बोलत नाहीत हेही.

"आमचा बाप मंगळवारी ताडीच्या गुत्त्यात असायचा," ते म्हणाले. "आम्ही दाराबाहेर बसायचो. तो बाहेर येईल म्हणून." मग घसा साफ करून त्यांचा नेहमीचा आवाज आला. "बरं. त्या पोराला सांगतो. वळण लांब घेतो रे तो."

"वेग आधी उतरवायला सांगा."

"सांगतो." आणि फोन ठेवला.

एना जागी झाली होती. माझ्या मानेवर तिचा श्वास बदलला, मग तिनं माझा कान धरून ओढला, खाली उतरव म्हणून. मी जाळ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसलो, मान्साची गाठ नखांनी सोडवली, आणि तिला वाळूवर ठेवलं. ती क्षणभर उभी राहिली, सगळ्यांवर नजर फिरवली आणि थेट जाळ्यात जाऊन बसली. त्या अंगठ्याचा धनी, एक म्हातारा कोळी, सुई थांबवून माझ्याकडे बघायला लागला. मी चप्पल काढली, जाळ्याची एक कड पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि ओढली.

"बापरे," मी म्हणालो, "केवढा मोठा मासा. वजन पेलत नाही."